वयाचा रकाना

शाळामास्तरकींत हयात गेली कीं दुसऱ्याचें वय अजमावण्याची खोड लागते. ती निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही इंग्लंडांत कन्येकडे राहिलों असतां नातवानें ॲक्सोलॉटल नांवाचा एक जलचर विकत आणला. हा मूळचा मेक्सिको शहराजवळील शोचिमिल्को येथील पाण्यांतला. आकार पालीसारखा, आणि मानेच्या दोहों बाजूंस पिसांसारखे तीन तीन कल्ले. दुकानदारास त्याचें वय ठाऊक नव्हतें. तेव्हां तो प्रश्न आमच्याकडे आला.

कल्ले पाहून ‘हें पिलूंच’ असें म्हणावें, तर तेंहि खरें नव्हे. बेडकाच्या पिलाप्रमाणें याचें सहसा रूपांतर होत नाहीं. पुराणांतील सनकादिक जसे सदैव पांच वर्षांचे कुमार, तसा हा कल्ले राखूनच प्रौढ होतो व प्रजाहि उत्पन्न करतो. पॅरिस येथें द्यूमेरील या पंडितानें पाळलेल्या ॲक्सोलॉटलांच्या कांहीं संततीचे कल्ले १८६५ सालीं गळून पडले, तेव्हां विद्वानांसहि मोठें नवल वाटलें होतें.

मग लांबी मोजावी काय? अंड्यांतून निघतांना पिलूं सुमारें एक सेंटिमीटर असतें व त्यास पाय नसतात; आधीं पुढचे फुटतात, मागाहून मागचे. आमच्या पाहुण्यास चारहि पाय होते. कांचेबाहेर पट्टी धरून पाहतां शेपटीसह लांबी आठ सेंटिमीटर भरली. साधारणतः तीनेक महिन्यांचें पिलूं एवढें असतें. परंतु पोटभर खाल्लेलें आणि गर्दींत अर्धपोटीं राहिलेलें, अशीं एकाच दिवशीं जन्मलेलीं दोन पिलें अगदीं भिन्न वयांचीं भासतात. पाण्याच्या उष्णतेनेंहि वाढीचा वेग बदलतो.

आमच्या लहानपणीं जन्माचा दाखला नसलेल्या मुलास डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावयास लावीत. हात पुरला कीं मूल सहा वर्षांचें, आणि जन्मतारीख १ जून! आमच्या शेजारचा एक मजुराचा मुलगा आमच्याहून थोर. पण त्याचा हात पुरला नाहीं व वर्षभर तो शाळेबाहेर राहिला. तो लहान नव्हता, भुकेला होता.

म्हणून नातवास आम्हीं सांगितलें कीं, मागचें वय शोधण्यापेक्षां पुढची वाढ पाहा. पाणी सोळा ते अठरा अंश थंड राखावें, तोंडांत मावतील असे गांडुळांचे तुकडे द्यावे, आणि दरमहा पट्टी धरावी. वर्षदीड वर्षांत, लांबी वीस सेंटिमीटरांच्या आसपास गेली कीं, नर असल्यास मागल्या पायांमागें फुगवटी दिसूं लागेल. प्रौढत्वाची ती खरी खूण. नीट जपल्यास हा प्राणी दहा वर्षें किंवा त्याहूनहि अधिक जगतो.

वहींत तारीख, लांबी व खाणें असे रकाने आंखले आहेत. वयाचा रकाना मात्र आम्हीं कोराच ठेवविला आहे.