बूट चावायचे थांबेपर्यंत

वापीकडच्या मसाटच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी सुटते तेव्हा रस्त्यावरून चपला, रबरी सँडल आणि झिजलेले सेफ्टी शूज घरी निघालेले दिसतात. जूनमधल्या एका सकाळी त्यात एक जोड वेगळा होता. घोट्याच्या वर चढलेले, जाड तळव्याचे, लाल नाडीचे, डोंगरात घालायचे बूट.

ते घालणारा मूळचा धुळ्याकडचा, पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यात मशीनवर असतो. "नवे आहेत, चावतात," टपरीवर बसता बसता त्यानं सांगितलं. "ऑगस्टपर्यंत मऊ करून घ्यायचेत." ऑगस्टात त्याला उत्तराखंडातल्या फुलांच्या दरीत जायचं होतं. दुसऱ्यांदा.

शिखरावर का जायचं, हे सांगायला माणसाला फार शब्द लागत नाहीत. दरीला माथाच नसतो. कुठल्या दगडावर उभं राहून 'पोचलो' म्हणायचं, ते ठरलेलं नसतं. वापीला गाडीत बसायचं, हरिद्वारला उतरायचं, जोशीमठावरून गोविंदघाट. पुलना गावापर्यंत जीप, पुढं घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरचा चढ. घांघरिया तीन हजार मीटरच्या वर. थकलेल्यांना पाठीवरच्या कंडीत बसवून नेणारी माणसंही याच वाटेवर भेटतात. दरी घांघरियाहून आणखी तीनेक किलोमीटर आत. तिथं मुक्कामाला बंदी आहे. सकाळी शिरायचं, दिवस कलायच्या आत माघारी फिरायचं. हा नियम फार चांगला आहे. रात्री दरी माणसांवाचून राहते.

1931 च्या जूनमध्ये 7,756 मीटर उंचीचं कामेत सर करून फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती उतरत होते. पावसाधुक्यात भ्यूंदार खिंड ओलांडली आणि ते याच दरीतल्या फुलांत येऊन थांबले. स्माइथ 1937 मध्ये पुन्हा आला, केवळ फुलांसाठी. 1938 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्याच्या पुढच्याच वर्षी जोन मार्गारेट लेग ही 54 वर्षांची बाई रोपं गोळा करताना कड्यावरून घसरून गेली. तिची समाधी दरीतच आहे.

गेल्या वर्षी हा मशीनवरचा गडी दरीतून परत आला तेव्हा टपरीवाल्या बाईंना या गोष्टी त्यानं सांगितल्या होत्या. बाई वारली घरातल्या. त्यांचे सासरे याच भागात गुरं राखायचे, जिथं आता पत्र्याच्या शेड आहेत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "एवढं गवत, तर बकऱ्या कुणाच्या चरतात?"

बकऱ्या होत्या. स्माइथला दरी 'सापडली' त्याच्या कितीतरी आधीपासून भ्यूंदार गावची माणसं उन्हाळ्यात जनावरं घेऊन वर जात. 1982 मध्ये 87.5 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. फुलांना मोकळं रान मिळेल, असा हेतू होता. मग 'अमेला' माजला. पांढऱ्या तुऱ्यांचं हे उंच, दाट झुडूप एकदा पसरलं की खालच्या नाजूक रोपांना ऊन मिळू देत नाही. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी चराईबंदीकडे बोट दाखवलं. जनावरं कोवळे कोंब खुडत, खुरांखाली तुडवत, म्हणून तो आवाक्यात राही. इतरांना ते पटलं नाही. त्यांच्या मते जुन्या गोठणाच्या खतावलेल्या जागीच तो मुळात फोफावतो. वाद राहिला. वनखातं आता माणसं लावून अमेला उपटतं. 2005 मध्ये दरी जागतिक वारसा ठरली, आणि ज्यांच्या बकऱ्या खाली आल्या त्या भ्यूंदार-पुलनाच्या लोकांनी वाटेवर चहाची दुकानं मांडली, समिती करून येणाऱ्याजाणाऱ्यांचा कचरा गोळा करायला घेतला. ही हकिगत ऐकायला तरी तिथं जावं. फुलं पुस्तकातही दिसतात.

बाईंना हे सगळं नवं वाटलं नाही. त्यांनी गाळणी आपटून चोथा टाकला आणि पुढचा चहा ओतला.

हिमालय चालून येणारे आपल्याकडे जुने. काका कालेलकर साताऱ्यात 1885 मध्ये जन्मलेले, मराठी घरातले. 1912 मध्ये स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासोबत ते हिमालय पायी हिंडले. तो प्रवास त्यांनी लिहिला मात्र गुजरातीत. 1924 मध्ये पुस्तक आलं. मसाटमध्ये याचं कुणाला नवल वाटणार नाही. इथं माणूस घरी मराठी, दुकानात गुजराती, मशीनवर हिंदी बोलतो.

बूटवाल्याला दरीतल्या फुलांची नावं कुठल्याच भाषेत माहीत नव्हती. पाऊस लागला की घांघरियात सगळे रंगीबेरंगी जाकिटांत गुरफटून बसत. तेव्हा तो शेजाऱ्याची बाही चिमटीत धरून धागा किती डेनियरचा असेल याचा अंदाज करी. फुलांपुढं ही विद्या चालेना. फक्त एका जागी तो थबकला. गुलाबी-जांभळं फूल, मागं वाकडी शेपटी, पिकलेली शेंग बोट लावताच तड्कन फुटणारी. हे तर घरचंच.

"तेरडा," तो टपरीवर म्हणाला. "आपल्या गौरींचा."

"तेरडा तिकडं?" बाई हसल्या. कारखान्याच्या कुंपणाशी पहिल्या पावसानं उगवलेली रोपं त्यांनी हातानंच दाखवली, टीचभर उंचीची. "एवढाच ना?"

बूट सैल करायला वाकलेला तो उभा राहिला आणि हात डोक्याच्या वर नेला.