हौदातला ओटा

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रयोगशाळेशी आमचा संबंध तिच्या दारावरून वर्गाकडे जाण्यापुरताच. पण गेल्या पावसाळ्यापासून आईला (आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याची सासू) स्वयंपाकघरातून आपली खोली सापडेनाशी झाली. प्रकाशाची, तापीकाठी वाढलेली ही बाई तिन्हीसांजेला दाराशी येते नि म्हणते, "माले घर जानं शे." अल्झायमरचे निदान झाले आणि आम्ही उंदरांविषयी वाचू लागलो.

उंदराला हा आजार आपसूक होत नाही. तो त्याला द्यावा लागतो. एका स्वीडिश कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जनुकदोष उंदरात घालून कॅरन शाओ यांच्या गटाने १९९६ साली मिनेसोटात एक वाण सिद्ध केला. हे उंदीर तीन महिन्यांचे असताना इतरांसारखेच शिकतात. नऊ-दहा महिन्यांचे झाले की चुकू लागतात. परीक्षा रिचर्ड मॉरिस यांची, १९८१ची: हौदात गढूळ पाणी, पाण्याखाली दडवलेला एक ओटा. भोवतालच्या खुणा आठवत उंदराने पोहत तिथे पोचायचे.

हे वाचून आम्ही बराच वेळ बोललो नाही.

या उंदरांच्या मेंदूत प्रथिनांचे थर साचतात; माणसासारखा पेशींचा संहार मात्र फारसा होत नाही. १९९९ साली एका लसीने उंदरांतील थर नाहीसे झाले. माणसांवरील चाचणी मेंदूला सूज आल्याने २००२ मध्ये थांबवावी लागली. २०१२ साली मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील चमूने अशा उंदरांना तीस दिवस अश्वगंधेचा अर्क दिला, आणि त्यांची वागणूक सुधारली. 'शाकुंतल' शिकवताना मुद्रिका दिसताच स्मृती परतते, हे वर्षानुवर्षे निर्धास्तपणे सांगणाऱ्यांना एवढे पुरेसे होते. एकाने चूर्णाचा डबा आणला. "ती उंदीर नाही," दुसरा म्हणाला. त्या रात्री आम्ही भांडलो, तेही कुजबुजत. डबा फडताळात आहे, न फोडलेला.

उंदराला वाट विचारता येते. माहेर विचारता येत नाही. आमचे भांडण बहुधा तिथेच अडले आहे.

परवा आई दाराबाहेर पडली. आम्ही अडवले नाही, मागोमाग गेलो. चार पावलांवर आमच्याच घराच्या ओट्यावर ती टेकली आणि तापीला पाणी आले का, असे अहिराणीत विचारू लागली.