आधी समुद्र, मग जंगल

पुणे

प्रिय सायली,



तू आणि निनाद बोर्निओला निघालात हे वाचून फार आनंद झाला. सल्ला मागितलास म्हणून मोकळेपणाने लिहिते. यादीतून किनाबालू शिखर काढून टाका आणि उरलेल्याचा क्रम लावा: आधी समुद्र, मग जंगल.

कारण असं: डाइव्ह करताना पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. तेवढा वेळ न देता विमानात बसलं किंवा उंच डोंगरावर गेलं, तर त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकतं. ओळीने काही दिवस डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमान टाळायचं असतं. तुम्ही पूर्ण दिवस धरा. किनाबालू तर ४०९५ मीटर उंच! म्हणून क्वालालंपूरहून थेट तवाऊला उतरा, तिथून रस्त्याने सेंपोर्ना आणि पुढे बोटीने माबुल. डायव्हिंग उरकलं की लहाद दातू, दानुम, किनाबातांगन नदी आणि शेवटी संडाकान, सगळं रस्त्याने. विमान थेट परतताना. एकदा गेलेल्या वाटेने फारसं मागे फिरावं लागत नाही.

विमानाची तिकिटं काढण्याआधी माबुलजवळच्या सिपादान बेटावर डाइव्ह करायचा परवाना पक्का करा. रोज ठरावीक लोकांनाच तिथे सोडतात आणि परवाने रिसॉर्टमार्फत मिळतात. बेटावरची हॉटेलं २००४ साली हलवली, त्यामुळे मुक्काम माबुल किंवा आसपासच. वर्षातून काही काळ बेट बंदही असतं, ते आधी विचारा. साबा या तिथल्या मलेशियन राज्याच्या पूर्व किनाऱ्याबद्दल सरकारी सुरक्षा-सूचना निघतात, त्याही वाचा.

सिपादान समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर वर आलेलं आहे. किनाऱ्यापासून थोडं पोहलं की पायाखालचा प्रवाळ संपतो आणि खाली नुसती निळाई. तळ दिसत नाही, म्हणून आपण किती खोल आलो हे मनाला कळत नाही. मनगटावरच्या संगणकावर नजर हवीच. प्रवाहही जोरात असतो. तुम्ही नवशिके आहात. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे ओपन वॉटर हा सुरुवातीचा कोर्स करा आणि पुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स सिपादानच्या आधी पुरा करा. दमा किंवा कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारा. विमा डायव्हिंगसाठीही आहे ना, ते तपासा.

कासवं तिथे इतकी दिसतात की पहिल्या दिवसानंतर मोजायची सवय सुटते. माझ्या मनात मात्र कपाळावर टेंगूळ असलेले मोठे पोपटमासे राहिले. पहाटे त्यांचा कळप येतो आणि प्रवाळ कडाकडा चावून खातो. तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. चावलेल्या प्रवाळाची पुढे वाळू होऊन त्यांच्या पोटातून बाहेर पडते. किनाऱ्यावरची पांढरी वाळू थोडीफार त्यांचीच.

आता जंगल. किनाबातांगनवर संध्याकाळी बोटीचं इंजिन बंद करतात आणि लांब नाकाची प्रोबॉसिस माकडं नदीवर झुकलेल्या फांद्यांवर झोपायला येताना दिसतात. धनेश दिसतात, ओरांगउटान दिसतो, नशीब असेल तर बुटके हत्तीही. पण हे सगळं इतक्या सहज दिसण्याचं एक कारण दुःखद आहे. दोन्ही काठांवर बऱ्याच ठिकाणी झाडांचा अरुंद पट्टाच उरला आहे. त्यामागे तेलमाडाचे मळे. जनावरांना मागे सरकायला जागाच नाही. ओरांगउटान मादीला एका पिल्लानंतर पुढचं होईपर्यंत सहा ते आठ वर्षं लागतात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला ही कोंडी कशी झेपणार?

म्हणून दानुमला जाच. सुमारे ४३८ चौरस किलोमीटरचं हे जंगल कधी तोडलेलं नाही. आपल्या शालवृक्षाच्या कुळातली झाडं तिथे आभाळात जातात. त्यातल्या मेरांती जातीच्या एका झाडाची उंची १००.८ मीटर भरली. कदाचित पूर्ण दिवसात ओरांगउटान दिसणार नाही, नुसती त्याची पानांची घरटी दिसतील. पावसात जळवा चढतील, त्यासाठी घट्ट विणीचे खास मोजे मिळतात, ते घ्या. पण नदीवर ज्याचा काठ उरला आहे, ते जंगल पूर्वी केवढं असेल, हे दानुमला उभं राहिल्यावरच कळतं.

संडाकानजवळचं सेपिलोक केंद्र १९६४ पासून अनाथ ओरांगउटानांना पुन्हा जंगलात राहायला शिकवतं. शेवटच्या दिवशी तिथे जा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्व किनाऱ्यावर पाऊस फार, त्यामुळे एप्रिलनंतरचं बघा. आणि दिवस कमी पडले तर एखादी डाइव्ह सोडा, पण दानुमच्या रात्री कापू नका.

तुझी,
आत्या