हजेरी चोख, माणूस वेठीला

सकाळी घंटागाडीची घंटा वाजली की घराघरांत एकच धांदल उडते. गॅसवरचा तवा उतरवून कुणीतरी डबा घेऊन खाली धावतं, कचरा गाडीत पडतो आणि घर स्वच्छ होतं. रात्रीचं खरकटं, दुधाची पिशवी, फुटलेली बरणी यांची गोष्ट त्या घरापुरती तिथेच संपते. खरं तर ती तिथून सुरू होते. पुढे कुठेतरी कुणाचे तरी हात तो कचरा निवडतात. त्या हातांना मजुरी किती मिळते आणि उद्या हे काम सोडावंसं वाटलं तर सोडता येतं का, हे उंबरठ्याशी कुणीच विचारत नाही.

गुलामगिरी म्हटलं की डोळ्यांसमोर साखळदंड येतात. आता साखळदंडांची गरज उरलेली नाही. माणसाचं ओळखपत्र काढून घ्यावं, डोक्यावर उचलीचा बोजा ठेवावा, पगार परस्पर दुसऱ्याच्या हाती जावा. माणूस जागचा हलत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात २ कोटी ७६ लाख माणसं अशा सक्तीच्या मजुरीत अडकलेली होती.

हे फक्त गरीब देशांत घडतं, असंही नाही. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागातलंच प्रकरण घ्या. पोलंडमधल्या बेघर, व्यसनी, नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या माणसांना एक टोळी हेरायची. चांगल्या पगाराचं, राहत्या घराचं गाजर दाखवून त्यांना इंग्लंडला आणायची. तिथे पोहोचताच त्यांची कागदपत्रं टोळीच्या ताब्यात जायची. बँकेत खाती उघडली जायची ती या मजुरांच्या नावानं, पण पैसे काढायची ती टोळी! उंदरांनी भरलेल्या घरांत माणसं कोंबलेली असायची. त्यांतले कुणी शेतावर राबत, तर कुणी घरोघरचा कचरा निवडण्याच्या केंद्रांत.

टोळीतली एक बाई मजूर पुरवणाऱ्या एजन्सीतच नोकरीला होती. त्यामुळे पुढचं सगळं बिनबोभाट चालायचं. कागदावर खोट काढायला जागा नव्हती. नाव आहे, हजेरी आहे, पगार खात्यात जमा आहे. राबणाऱ्याच्या हातात मात्र कधी कधी आठवड्याला जेमतेम २० पौंड पडत. २०१५ मध्ये दोघे जण निसटले, त्यांनी एका सेवाभावी संस्थेला आपली हकिकत सांगितली आणि हे बिंग फुटलं. २०१९ मध्ये टोळीतले पाच पुरुष आणि तीन बायका दोषी ठरल्याचं जाहीर झालं. फसवल्या गेलेल्यांची संख्या चारशेहून अधिक असावी, असा पोलिसांचा अंदाज होता.

त्याच २०१५ साली ब्रिटननं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांनी आपल्या कामात आणि पुरवठ्याच्या साखळीत वेठबिगार शिरू नये म्हणून काय केलं, याचं निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करायचं, अशी त्यात अट आहे. अट चांगलीच आहे, पण निवेदन म्हणजे पहारा नव्हे. मजुराच्या शेजारी उभं राहून, त्याच्या भाषेत, मुकादमाला दूर ठेवून, ‘तुझं कार्ड कुठंय? पैसे कोण काढतं?’ असं विचारणारं माणूस लागतं. अनेकांचा पत्ता एकच, अनेकांचा पगार एकाच खात्यात आणि सगळ्यांच्या वतीनं बोलणारा एकच, हे दिसलं की हिशेबनिसानंही चमकायला हवं.

आपल्याकडे कायद्याची वानवा नाही. राज्यघटनेच्या २३व्या कलमानं वेठबिगारीला बंदी घातली. १९७६च्या कायद्यानं वेठबिगारी रद्द केली आणि त्यापायी लादलेलं कर्जही रद्द ठरवलं. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असं न्यायालयानं म्हटलं. पोटाची भूक हीदेखील सक्तीच, हा त्यामागचा विचार.

या निकालाचा अर्थ कचऱ्याच्या ठेक्याला लावून पाहा. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. मंजूर रकमेतून गाडी, डिझेल आणि ठेकेदाराचा नफा वजा करायचा, उरलेल्याला माणसांच्या संख्येनं भागायचं. आकडा किमान वेतनाखाली आला, तर लूट निविदेतच लिहिलेली आहे. पोटठेकेदाराकडे बोट दाखवून वरच्यांना हात झटकता येणार नाहीत.

दुसरी वाटही आहे आणि ती पुण्यानं दाखवली. १९९३ मध्ये तिथल्या कचरावेचकांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ती दारोदारचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावर वाकणाऱ्या बाईला ओळखपत्र मिळालं, घरटी शुल्काचा हक्क मिळाला. कष्ट कमी झाले, असं नाही. पण आपली ओळख आपल्याच खिशात असणं, ही साधी गोष्ट नाही.

घरात बसून आपण काय करायचं? ओला-सुका कचरा वेगळा ठेवणं, फुटकी काच नि ब्लेड कागदात नीट गुंडाळणं हे तर झालंच. पण सोसायटीच्या वार्षिक सभेत सफाईचा ठेका मंजूर होतो, तेव्हा ‘सर्वांत स्वस्त कोण?’ याच्या आधी ‘मजुरांच्या हातात किती पडतात?’ असं विचारायला काय हरकत आहे? पगार ज्याच्या त्याच्या खात्यात जमा होतो ना आणि बँकेचं कार्ड त्याच्याकडेच आहे ना, हेही विचारावं. कचऱ्यात पोर राबताना दिसलं तर १०९८ हा क्रमांक आहे. वेठबिगारीची शंका आली तर जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. मजुराला सोडवण्याची जबाबदारी कायद्यानं प्रशासनावर टाकली आहे.

उद्या सकाळी घंटा पुन्हा वाजेल. डबा रिकामा करताना मान वर करून गाडीवरच्या माणसाला त्याचं नाव विचारावं. ज्याचं नाव चार घरांना ठाऊक असतं, त्याला गुपचूप बांधून ठेवणं जरा अवघड जातं.