तापलेले इंजिन आणि थंड पाणी

धर्मगुरू आणि मोटारसायकल यांचे नाते आता चांगलेच जुने झाले आहे. वाड्यावस्त्यांवरील आजाऱ्यांच्या भेटीला जाताना हे वाहन आम्हांला पायांइतकेच सोबतीचे वाटते. साहजिकच तरुण मंडळी प्रवचनापेक्षा गाडीविषयीच आम्हांला अधिक प्रश्न विचारतात! त्यांतला एक नेहमीचा : दूरवरून आलेल्या, तापलेल्या गाडीवर थंड पाणी मारले तर इंजिन खराब होते काय?

प्रश्न साधा दिसतो. परंतु आमच्या धर्मग्रामातील एका घरात त्यापायी पितापुत्रांचे बोलणे बंद पडले होते. पहाटे भाजी बाजारात पोहोचवणारी जुनी बुलेट म्हणजे त्या घराची भाकरी. मुलगा दुपारी परतला की लगेच नळी लावून ती धुवायचा. एके दिवशी गाडी भररस्त्यात जॅम झाली. "फादर, यानेच पाणी मारून इंजिनाची वाट लावली," असे वडील सांगत. मुलगा घर सोडून जाण्याची भाषा करी.

वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाभोवती पाणी खेळवलेले नसते. सिलिंडर आणि हेड यांना धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्या आपली उष्णता वाऱ्याला देतात. धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. त्यातही अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट आकसते. त्याचा १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा १०० अंशांनी निवला तर सुमारे ०.२३ मिलिमीटरने आखूड होतो. सबंध तुकडा एकसारखा निवला तर काही बिघडत नाही. बाहेरचा भाग झटकन आकसला आणि आतला तापलेलाच राहिला, की धातूत ताण उत्पन्न होतो.

आमच्या भगिनींना हे शिकवावयास नको. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी पडले तर तो तडकू शकतो. अ‍ॅल्युमिनियमचा टोप सहसा तडकत नाही, पण त्याचे बूड वाकडे होऊन तो डुगडुगू लागतो. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. म्हणजे दोन्ही भांडी एकाच चुलीवर!

मग पावसाचे काय? आमच्या मुसळधार पावसात हजारो गाड्या धावतात, सायलेन्सरवर थेंब चर्र करून वाफ होतात, आणि इंजिने शाबूत राहतात. कारण पावसात इंजिन चालू असते, आतून उष्णता सतत येत असते आणि पाणी थोडेथोडे पडते. धोका आहे तो एकाच बाजूने, एकदम आणि भरपूर पाणी मारण्यात. पाण्याची वाफ होताना ते फार उष्णता घेऊन जाते. शून्य अंशांपासून उकळेपर्यंत जेवढी लागते, तिच्या पाचपटीहून अधिक. शिवाय इंजिन झपाट्याने निवताना आतली हवा आकसते, आणि एखादे सील झिजलेले असेल तर तेथून पाणी आत ओढले जाऊ शकते. तेल दुधाळ दिसू लागले की ते ओळखावे. प्लगची चिनी मातीही अशा थंडाव्याने तडकू शकते.

तेव्हा वडिलांची शंका निराधार नव्हती. पण शंका म्हणजे निकाल नव्हे. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना एक लॅटिन वचन आमच्याकडून घोकून घेतले गेले होते : 'पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक'. यानंतर घडले, म्हणून यामुळेच घडले, असे समजण्याच्या चुकीला दिलेले हे नाव. आम्ही वडिलांना एवढेच म्हणालो, "आधी इंजिन उघडू द्या, मग मुलाला बोला."

मिस्त्रीने इंजिन उघडले. सिलिंडरला तडा नव्हता, हेड सपाट होते, तेलात पाण्याचा अंश नव्हता. परंतु पिस्टनवर उभे ओरखडे होते आणि तेल तळाला गेले होते. पाण्याने सिलिंडर आकसून पिस्टन पकडला असता, तर तो तेव्हाच, गरम असताना पकडला असता. ही गाडी तर शेवटच्या धुण्यानंतर चार दिवस बाजाराच्या फेऱ्या करीत होती. तेल तपासण्याचे काम घरात कोणाकडेच नेमून दिलेले नव्हते. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग मुलाकडे वळून म्हणाले, "उद्यापासून तेल मी बघतो. तू धुवायचं बघ, पण गाडी निवल्यावर."

तरुणांना आमचे सांगणे हेच आहे. पावसाला भिऊ नका. मात्र घरी आल्यावर गाडी सावलीत उभी करून अर्धा तास तरी थांबा. पट्ट्यांवर हात ठेववेल इतके इंजिन निवले की मगच पाणी घ्या, आणि जोराचा फवारा प्लगवर किंवा हवेच्या फिल्टरवर मारू नका. गाडी तापलेली असेल तर अर्धा तास थांबावे. घरातला माणूस तापलेला असेल, तर त्याहूनही थोडे अधिक.