कुत्रे पाहावे पाळून

घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. कुत्रे पाहावे पाळून, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. म्हण करणाऱ्याचे घर वारंगा फाट्यावर नसावे!

वाचकहो, ज्यांची एस. टी. येथे कधी थांबली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नांदेडहून येणारा रस्ता येथे फुटतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोली-अकोल्याकडे जाते, दुसरी हदगाव-यवतमाळवरून नागपूरकडे. रात्रंदिवस मालट्रकांची वर्दळ. आमचे घर अगदी रस्त्याला लागून. वडील रात्री उशिरापर्यंत हॉटेलात, मी सकाळच्या गाडीने कॉलेजला; घरी आजी एकटी. गेल्या वर्षी शेजारी चोरी झाली आणि कुत्र्याचा प्रश्न ऐरणीवर आला.

दादाची पसंती जर्मन शेफर्ड. रुबाब मोठा, हे मान्य. पण अंगावर दाट केसांचा दुहेरी थर आणि आमच्याकडचा मे महिना 42 अंशांचा! शिवाय या जातीला रोज भरपूर हिंडवावे लागते, डोक्याला काम द्यावे लागते. नुसते साखळीला बांधून ठेवले की ती चिडखोर होते. दादा नोकरीला पुण्यात. म्हणजे रुबाब त्याचा आणि हिंडवणे आजीचे.

मामांनी कारवानी सुचवला. हा खरा आपल्या मातीतला. मुधोळ संस्थानामुळे नावारूपाला आला. 2005 साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले. लांब पाय, खोल छाती, कातीव कंबर. धावू लागला की पाहत राहावे. ऊनही सोसतो. मीही मनातून त्याच्याच बाजूचा होतो. पण हा डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा. समोर काही पळाले की तो मागे सुटलाच, मग हाका मारून उपयोग नाही. माळरानावर ते शोभते. आमच्या अंगणापुढे पळतात ते ट्रक! आमच्या आळीतली किती पिल्ले या रस्त्याने नेली, त्याचा हिशेब नाही.

आजी या चर्चेत फारशी पडली नाही. हॉटेलामागे राहणाऱ्या एका तांबड्या गावठी कुत्रीवर तिची नजर होती. कुत्री तीनेक वर्षांची. रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची, मान दोन्हीकडे वळवायची, ट्रक जाऊ द्यायची, मग ओलांडायची. "तिला रस्ता येतो," आजी म्हणाली. एवढ्या एका वाक्यावर निकाल लागला. पुस्तकांतून पिल्लूच आणावे असे सांगतात. फाट्यावर मात्र जगून दाखवलेले कुत्रे बरे, असे मला वाटते.

सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घेतली. ती दरवर्षी टोचावी लागते. जात विचारल्यावर दादा अजून थोडा खट्टू होतो. कुत्री मात्र उंबऱ्याबाहेर झोपते, हॉटेलचे गिऱ्हाईक आणि अनोळखी पाऊल यांतला फरक तिला बरोबर कळतो, आणि आजी आता दुपारी निर्धास्त डोळा लावते.

भाकरी ताकात कुस्करून मिळते. संत नामदेवांचे नर्सी आमच्याच जिल्ह्यातले. कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आजीनेच मला सांगितलेली. म्हणून एकदा विचारले, "आजी, हिला तूप का नाही?"

"नामदेवाला डेरीवर दूध घालायचं नव्हतं, बाबा."