ड्युरनेसच्या कड्यावर वाऱ्याची रात्र

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या वायव्य टोकाजवळ ड्युरनेस हे लहानसे गाव आहे. त्याच्या उत्तरेला नुसता समुद्र. ग्लासगोला नोकरी करणारी आमची लेक २०२३च्या जून महिन्यात आम्हां दोघांना व आजींना भाड्याच्या कॅम्पर व्हॅनमधून तिकडे घेऊन गेली. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचे एका खोलीचे बिऱ्हाडच. गॅसची शेगडी, छोटे बेसिन, बाक उलगडले की दोघांचे अंथरूण. छप्पर वर उचलता येते. त्याच्या बाजू तंबूच्या कापडाच्या, आत आणखी दोघांची सोय.

तिकडचा रस्ता बराचसा एकपदरी. समोरून गाडी आली की रुंद केलेल्या जागेत थांबून वाट द्यायची आणि जाणाऱ्याने हात वर करायचा. आजींना ही रीत फार आवडली. पुढे पुढे त्याच आधी हात करू लागल्या!

मुक्कामाचा तळ सँगोच्या वाळूवरील कड्यावर. सपाट गवत, आडोशाला एक झाड नाही. लेकीने गाडी समुद्राला आडवी लावली, म्हणजे खिडकीतून सगळे दिसावे. दुपारी जवळची स्मू गुहा पाहिली. चुनखडीच्या गुहेत वरून ओढा कोसळतो. तिथे एकमेकांचे बोलणे ऐकू येईना.

रात्री दहा वाजले तरी उजेड होता. वारा मात्र वाढू लागला. छपराचे कापड फडफडू लागले, मग फटके बसू लागले. गाडी पाळण्यासारखी हलत होती. आजी उठून बसल्या.

“पोरी, आधी छप्पर खाली घे. टिनाखाली वारा शिरला का टिन गेलाच म्हून समज.”

नागपूरच्या वस्तीत टिनांवर दगड ठेवून त्यांनी चाळीस पावसाळे काढले आहेत. पण छप्पर उतरवले तर दोघांची झोप जाणार, म्हणून आम्हीच “थांबू थोडे” म्हणत राहिलो. पैसेही भरले होते ना! इतक्यात शेजारच्या गाडीतले वृद्ध गृहस्थ पायजम्यावर रेनकोट घालून आले. एक हात वरून खाली आणला, दुसऱ्याने वाऱ्याची दिशा दाखवली. छप्पर उतरवा आणि गाडीचे तोंड वाऱ्याकडे करा! आजींनी आमच्याकडे नुसते पाहिले.

चौघांनी ओढून छप्पर बसवले, पट्टे आवळले, गाडी वळवली. हलणे पुष्कळ कमी झाले. लेक आणि आमच्यापैकी एक पुढच्या आसनांवर बसून राहिलो. आजी मात्र घोरत होत्या. सकाळी पाहिले तर तळावर एक तंबू मोडून पडला होता. त्यातली मुले गाडीत झोपलेली. आजींनी त्यांना चहा पाठवला.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही हट्टाने आतल्या बाजूला, लॉख शिन सरोवराकाठी थांबलो. पान हलत नव्हते. दार उघडले आणि मिजेसचा ढग आत शिरला. मिजेस म्हणजे चिलटाहून बारीक, चावणारे किडे. थोडा वारा असला तरी ते उडू शकत नाहीत. म्हणूनच जाणती माणसे उघड्या कड्यावर मुक्काम करतात, हे लेकीने आता सांगितले. स्वयंपाक तसाच राहिला. दारे-खिडक्या बंद करून बिस्किटे खाल्ली.

आजींनी तोंडावर पदर ओढून विचारले, “कालच्या जागी आज जागा भेटंल का?”